नियमाप्रमाणे काम

(भुसावळच्या एका व्याख्यानमालेत मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना विषय 'आंतरराष्ट्रीय' आहे असं सांगितलं आणि मागच्या दोन रांगा चुळबुळल्या. घाबरू नका. कॅनडाच्या सीमेवरचा अधिकारी आणि भुसावळच्या यार्डातला माणूस यांची भाषा वेगळी असेल, दुखणं एकच आहे: कामाच्या अटींबद्दल सरकारशी बोलायचं कसं. आणि मे महिन्यात भुसावळात बसून कॅनडाबद्दल ऐकायचं म्हणजे तेवढाच गारवा.

सीमा आपल्यालाही नवी नाही. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. शिरपूरहून बिजासन घाटाकडे निघालात की मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ हाडाखेडचा नाका. नाक्यावर ट्रकांची रांग दिसली की आपण गाडीची काच खाली करून दोन शिव्या घालतो आणि काच वर करतो. खिडकीपलीकडचा माणूस किती तास झाले बसलाय, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर उभा जन्म कामगार न्यायालयात काढला.

तर कॅनडा. तिथे सीमेवरची तपासणी, जकात, इमिग्रेशन हे सगळं २००३ पासून एका खात्याकडे आहे, कॅनडा बॉर्डर सर्व्हिसेस एजन्सी. अमेरिकेशी असलेली जवळजवळ नऊ हजार किलोमीटरची सीमा, शिवाय विमानतळ आणि बंदरं. २००७ पासून सीमेवरच्या अधिकाऱ्यांना टप्प्याटप्प्याने पिस्तुलं दिली. कारकुनाचा पोलीस झाला, पगार आणि निवृत्ती मात्र कारकुनाचीच राहिली. भांडणाचं मूळ इथे आहे.

त्यांची युनियन आहे कस्टम्स अँड इमिग्रेशन युनियन, आणि तिची पालक संघटना पब्लिक सर्व्हिस अलायन्स ऑफ कॅनडा. जून २०१८ मध्ये करार संपला. तीन वर्षं बोलणी चालली, हाती काही नाही. ६ ऑगस्ट २०२१ रोजी सकाळी अधिकाऱ्यांनी आंदोलन सुरू केलं. तारीख पाहा. कोविडमुळे बंद असलेली सीमा लस घेतलेल्या अमेरिकनांसाठी ९ ऑगस्टला उघडायची होती. तीन दिवस आधी! कोणाच्या तरी डोक्यात पंचांग पक्कं होतं.

गंमत अशी की हे अधिकारी संप करूच शकत नव्हते, निदान बहुतेक जण. सीमेवर प्रत्यक्ष उभ्या असणाऱ्यांपैकी नव्वद टक्के अत्यावश्यक सेवेत मोडतात, असं सरकारचंच म्हणणं. त्यांनी कामावर यायचंच. मग केलं काय? कामावर आले आणि काम केलं. पूर्ण केलं. प्रत्येक गाडीला नियमातला प्रत्येक प्रश्न विचारला. एरवी अनुभवाने ओळखून "जा पुढे" म्हणणारा अधिकारी त्या दिवशी म्हणाला, "थांबा, अजून प्रश्न आहेत." गाड्यांच्या रांगा लागल्या. छत्तीस तास सलग चाललेली बोलणी त्याच दिवशी संपली आणि तात्पुरता करार झाला. तीन वर्षांत जे झालं नाही ते दिवस मावळायच्या आत झालं.

इथे समोर बसलेले काही पांढऱ्या केसांचे लोक हसताहेत. त्यांना ठाऊक आहे मी कशाबद्दल बोलतोय. वर्क टू रूल! माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. ते सांगायचे, नियमाने काम करायचं ठरलं की गार्ड आपली लाइन बॉक्स उघडायचा, हातबत्ती, झेंड्या, रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके, एकेक मोजायचा. मग ब्रेकव्हॅनपासून इंजिनापर्यंत चालत जाऊन चाळीस-पन्नास वाघिणी बघत यायचा. पुस्तकात तसंच लिहिलंय ना? गाडी यार्डातच तापत राहायची. यार्डमास्तर हात जोडून म्हणायचे, "काय भो, आज फारच कायदा आठवला?" वडील म्हणायचे, "साहेब, कायदा तुमचाच आहे."

मला या प्रकारात एक गोष्ट कायम खटकत आलीय. नियमाप्रमाणे काम केलं की गाडी थांबते, याचा अर्थ रोज गाडी चालते ती नियम मोडून. तो मोडायचा धोका कोण घेतो? गार्ड. अपघात झाला तर चार्जशीट कोणावर? गार्डवरच. आणि गाडी वेळेवर गेली तर नाव खात्याचं.

पुढचा करार जून २०२२ मध्ये संपला. पुन्हा दोन वर्षं तेच. मे २०२४ मध्ये युनियनने मतदान घेतलं, ९६ टक्के लोकांनी संपाच्या बाजूने कौल दिला. नऊ हजारांवर सभासद आहेत. संपाची वेळ जाहीर झाली, मध्यस्थी चालू असल्यामुळे पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि ११ जूनला करार झाला. चार वर्षांत १४.८ टक्के वाढ. आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, पण मागण्यांची यादी पाहिली तर पैसा हा एक भाग. मोठी मागणी होती ती पंचवीस वर्षं सेवा झाली की वयाची अट न घालता, पेन्शन न कापता घरी जाऊ द्या, ही. तिथल्या तुरुंगातल्या पहारेकऱ्यांना ही सोय आधीपासून आहे. सीमेवरच्यांचं म्हणणं, आम्हीही पिस्तूल बांधतो, आम्हीही रात्रपाळ्या करतो, मग साठीपर्यंत आम्हीच का? दुसरं भांडण यंत्रांचं. विमानतळावर अधिकाऱ्याऐवजी प्रवाशाने पडद्यावर बोट दाबायचं. युनियन म्हणते, यंत्राला माणसाच्या कपाळावरचा घाम दिसत नाही. हे मला पटतं, जरी त्यात स्वतःची नोकरी वाचवायचा हेतू आहे, हेही उघडच आहे.

आता आपल्याकडे या. कॅनडात केंद्र सरकारच्या नोकरांना सामूहिक सौद्याचा, म्हणजे युनियनमार्फत सरकारशी बोलून करार करायचा, हक्क १९६७ पासून कायद्याने आहे. २०१५ च्या एकाच जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. एकात लाल कोटवाल्या माउंटेड पोलिसांनाही खरीखुरी संघटना करायचा हक्क दिला, दुसऱ्यात संपाला राज्यघटनेचं संरक्षण दिलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही नाही. पहिल्या दोन मुद्द्यांवर वकील म्हणून मी गप्प बसतो. तिसरा शब्द मात्र मला आजही गिळवत नाही.

गणवेशातल्या माणसाला तर आपण संघटनाही देत नाही. घटनेचं कलम ३३, पोलीस दलांचे हक्क मर्यादित करणारा १९६६ चा कायदा. मुंबईत पोलिसांची संघटना होती, १८ ऑगस्ट १९८२ च्या पोलिसांच्या उठावानंतर ती उरली नाही. शिस्तीचं कारण मला समजतं. बंदूकवाल्यांनी संप करावा असं मीही म्हणणार नाही. पण बोलायला टेबलच नसलं की माणूस कुठे बोलतो? जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने करपलेली पोळी आणि पाणचट डाळ मोबाइलवर दाखवली. देशभर फिरली ती चित्रफीत. त्याच वर्षी त्याला सेवेतून काढलं.

नागरी नोकरांसाठी १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा आली, जिला दिल्लीत सगळे जेसीएम म्हणतात. कागदावर चांगली चीज. पण लवादाकडे जाता येतं ते पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या तीनच बाबतींत, आणि सरकारने स्वतःहून कर्मचाऱ्यांसमोर बसून करार करावा अशी सक्ती नाही. मग दहा वर्षांनी वेतन आयोगाची वाट बघत बसायचं. आयोग पगार ठरवतो. नाक्यावरच्या खोलीत पंखा चालतो की नाही, ते आयोगाला कोण सांगणार?

मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला गाठलं. "वकीलसाहेब, नाक्यावरच्यांना कसल्या सवलती मागता? त्यांची वरकमाई तुम्हाला माहीत नाही का?" माहीत आहे. मीही त्याच रस्त्याने जातो. पण म्हणून खिडकीतला प्रामाणिक माणूस दुहेरी भरडला जातो. ड्यूटी तीच, आणि वर शेजाऱ्याच्या लग्नात लोक त्याच्या अंगठीकडे बघतात. युनियनने सभासदाच्या खिशाचीही जबाबदारी घ्यावी, असं माझं मत आहे. हे ऐकून युनियनवाले माझ्यावर चिडतात. चिडू देत.

इथल्या लोकांना १९७४ चा रेल्वे संप वेगळा सांगायला नको. ८ मे ते २७ मे, वीस दिवस. आमच्या घरी त्या दिवसांत क्वार्टर खाली करायची नोटीस आली होती, आईने भांडी पोत्यात भरून ठेवली होती. संप मोडला. संपात मागितलेला बोनस मिळाला तो १९७९ मध्ये, पाच वर्षांनी, आणि तोवर आमच्या ओळीतली दोन घरं गाव सोडून गेली होती. कॅनडातलं टेबल मला हवंसं वाटतं ते यासाठी. तिथेही वर्षं वाया जातात, पण कोणाला पोत्यात भांडी भरावी लागत नाहीत.

गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली. एका तपासणी नाक्यावर ड्यूटी, कुठला ते सांगत नाही. रात्रपाळीला एकटी बाई, स्वच्छतागृह रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर. तिने तीन अर्ज केले होते, तिन्हींच्या प्रती घेऊन आली. तिन्हींवर आवकचा शिक्का. मी वाचू लागलो. "महोदय, सविनय सादर." शेवटी, "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती." मी म्हटलं, बाई, यात मागणी कुठे आहे? ती म्हणाली, "सर, नमुनाच असा आहे. ऑफिसात छापील मिळतो."

चौथा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. 'विनंती' खोडून 'मागणी' लिहिलं. तिने घरी जाऊन तो पुन्हा टाइप केला आणि पाठवण्याआधी मला दाखवायला आणला. 'मागणी' तशीच होती. तिच्या आधी फक्त एक शब्द वाढला होता, 'नम्र'.