पॅट्रिआर्क किरिल : युद्धाला दिलेला आशीर्वाद

मॉस्कोजवळ कुबिंका इथलं हे चर्च. लष्करी गणवेशाच्या रंगाचं, 95 मीटर उंच. या पायऱ्या पाहा. दुसऱ्या महायुद्धात नाझी सैन्याकडून हस्तगत केलेली शस्त्रं वितळवून त्यांचा धातू यांत ओतला आहे. मुख्य घुमटाखालच्या गोल भिंतीचा व्यास 19.45 मीटर, कारण विजयाचं वर्ष 1945. रशियाच्या सशस्त्र दलांचं हे मुख्य चर्च. जून 2020 मध्ये त्याचं अभिषेकविधीनं लोकार्पण केलं पॅट्रिआर्क किरिल यांनी.

किरिल यांचा जन्म 1946 चा, लेनिनग्राडचा. त्यांच्या पाद्री आजोबांना सोव्हिएत राजवटीनं सोलोव्की बेटांवरच्या कैद्यांच्या छावणीत डांबलं होतं. सत्तेनं धर्माला कसं चिरडलं, हे घरातच ऐकलेला हा माणूस 2009 मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख झाला. आणि 2012 मध्ये पुतिन यांच्यासमोर म्हणाला, की नव्वदच्या दशकातल्या संकटातून देश सावरला तो देवाच्या चमत्कारानं आणि नेतृत्वाच्या साथीनं.

24 फेब्रुवारी 2022. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. 6 मार्चला मॉस्कोच्या ख्रिस्त तारणहार कॅथेड्रलमध्ये किरिल यांचं हे प्रवचन झालं. दिवस होता क्षमेचा रविवार. उपवासकाळाआधी सगळ्यांची क्षमा मागण्याचा. त्या दिवशी किरिल बोलले ते पूर्व युक्रेनमधल्या डोनबासबद्दल, आणि समलिंगींच्या मिरवणुकांबद्दल. हा लढा केवळ राजकारणाचा नाही, मानवाच्या मुक्तीचा आहे, असं त्यांनी सांगितलं.

आता हे दृश्य. 13 मार्च, तेच कॅथेड्रल. किरिल मेरीमातेची पवित्र प्रतिमा देत आहेत. घेणारे जनरल झोलोतोव, रशियाच्या नॅशनल गार्डचे प्रमुख. त्यांचे जवान तेव्हा युक्रेनमध्ये लढत होते.

सप्टेंबरमध्ये पुतिन यांनी राखीव सैनिकांच्या भरतीचा हुकूम काढला. चारच दिवसांनी, 25 तारखेला, किरिल यांनी ग्वाही दिली : कर्तव्य बजावताना मरणाऱ्याची सगळी पापं धुतली जातात. आपल्या मुलाला आघाडीवर जाऊ द्यावं की नाही, या विवंचनेतल्या आईनं हे ऐकलं असेल. धर्मगुरूच्या तोंडचं असं वाक्य निव्वळ मत राहत नाही. मॉस्कोतल्या एका पाद्रीनं ठरलेल्या प्रार्थनेत ‘विजय’ऐवजी ‘शांती’ म्हटलं. 2023 मध्ये त्याचं धर्मपद काढून घेण्यात आलं.

हे युक्रेनमधल्या ओडेसाचं रूपांतर कॅथेड्रल. 2010 मध्ये किरिल यांनीच याचा अभिषेक केला होता. 23 जुलै 2023 च्या रात्री शहरावर रशियन क्षेपणास्त्रांचा मारा झाला, त्यात छत कोसळलं.

मॉस्कोशी जोडलेल्या युक्रेनी चर्चनं मे 2022 मध्येच वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये ब्रिटननं किरिल यांच्यावर निर्बंध घातले. किरिल आजही पदावर आहेत.