जळकं ऑइल

(दृश्य: कोल्हापूर. घरासमोरचं फरशीचं अंगण, सकाळचे सात. पांढरी मारुती ८००.)

पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३मध्ये, शेवटची तयार झाली जानेवारी २०१४मध्ये. आमची मधल्या काळातली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. हिचं ऑइल वडील घरीच बदलायचे, आता मी बदलते.

गाडी हल्ली फार फिरत नाही. मंडई, दवाखाना, देऊळ. "फिरतच नाही तर ऑइल कशाला बदलायचं?" शेजारी विचारतात. पण अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांतच ऑइल लवकर खराब होतं. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे आतला ओलावा आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही. म्हणून तर गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात. जे आधी भरेल ते धरायचं.

पाचेक मिनिटं इंजिन चालवून घ्यायचं. कोमट ऑइल पातळ होतं, घाण घेऊन उतरतं. मग इंजिन बंद, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. पुढची बाजू जॅकने उचलली की खाली घोड्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मिनिटभरही शिरायचं नाही. जॅक सरकला तर बाहेर यायला वेळ मिळत नाही.

(दृश्य: इंजिनखाली ऑइल साठतं त्या चेंबरचा नट, अगदी जवळून.)

खाली घमेलं. नट पान्याने सैल करायचा, शेवटचे आटे मात्र बोटांनी, नट वर दाबून धरत. मग हात झटकन बाजूला. ऑइल आधी जाड धारेने घमेल्याच्या कडेवर आपटतं, हळूहळू धार दोऱ्याएवढी होते, मग नुसते थेंब. वडील या वेळात चहा घ्यायचे. मी घमेल्यात बघत बसते. काळ्या रंगाला घाबरायचं कारण नाही, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. दुधाळ दिसलं, तर कुठून तरी पाणी मिसळतंय. उन्हात धरल्यावर धातूची चमक दिसली, तर आत काहीतरी झिजतंय. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं, म्हणून मी हे काम दुसऱ्याला देत नाही.

पुढे फिल्टर. पहिल्या वर्षी जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं आणि त्यावर मी नवा फिल्टर बसवला. गाडी चालू करताच ऑइल भसाभस अंगणात. वडील एवढंच म्हणाले, "जुनं रबर हातात आल्याशिवाय नवा फिल्टर उचलायचा नाही, बाळा." नव्या रबरावर ऑइलचं बोट फिरवायचं आणि फिल्टर हातानेच आवळायचा. नटाला नवा वायसर. जोर करून नट पिळला की आटे गेलेच.

नवं ऑइल तीन लिटरला थोडं कमी बसतं. एकदम ओतायचं नाही. इंजिन मिनिटभर चालवायचं, ऑइलचा लाल दिवा विझला ना ते बघायचं. मग गाडी सपाटीवर उतरवून, थोडं थांबून गेज, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, पुसून पाहायचा. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

(दृश्य: घमेल्यातलं काळं ऑइल, त्यात आभाळ.)

आता हे. पूर्वी जळकं ऑइल वाळवीसाठी चौकटीला फासायचे, डासांसाठी डबक्यात ओतायचे. आमच्याकडेही हेच चाले. पण यात इंजिनचे झिजलेले धातू असतात, कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. हातमोजे त्यासाठीच. कोल्हापुरात गटारात ओतलेलं ऑइल जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळू शकतं, आणि खाली त्याच नदीवर गावं पाणी पितात. मला हे सहन होत नाही.

२०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावं, ही जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही आली आहे. तेल मळतं, त्यातली रसायनं संपतात, पण मूळ तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळलं नाही पाहिजे, एवढंच.

म्हणून ते नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सर्व्हिस स्टेशन आहे. मागच्या बाजूला पिंप असतं, ते भरलं की गाळणाऱ्यांची गाडी येऊन नेते. आधी विचारून जाते.

(दृश्य: पिंपावरचं नरसाळं.)

कॅन उलटा धरायचा. थंड झालेलं ऑइल सावकाश उतरतं. शेवटचा थेंब पडेपर्यंत हात हलवायचा नाही.