अमेरिकेच्या इतिहासातली उलटी वळणं

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'अमेरिकेच्या इतिहासाला वळण देणारे प्रसंग'. १७७६ चं स्वातंत्र्य, १९२९ ची मंदी, पर्ल हार्बर, चंद्रावरचं पाऊल. ही यादी तुम्हाला पाठ असेल, नसली तर नातवंडांच्या मोबाइलवर सापडेल. मी त्यातलं काहीच सांगणार नाही. मी येताना खिशात कापसाचं एक बोंड आणलंय. ते पहिल्या रांगेतल्या काकूंकडे देतो. काकू, त्यातली एक सरकी नखानं सोडवून बघा आणि पुढे पाठवा.

सुटत नाही ना सहज? आज आपल्या वऱ्हाडातल्या शेतात जो बीटी कापूस उभा असतो तो बहुतेक मूळच्या अमेरिकी जातीचाच. त्याची रुई सरकीला घट्ट धरून असते. आपल्याकडचा जुना दोन लाटांचा रेचा तुमच्यापैकी काहींनी आजीच्या घरी माळ्यावर पाहिला असेल. तसले रेचे अमेरिकेतही होते, पण ते किनाऱ्यालगतच्या लांब धाग्याच्या, काळ्या गुळगुळीत सरकीच्या कापसाला चालायचे. आतल्या जमिनीत यायचा तो हा चिकट सरकीचा कापूस. माणूस दिवसभर बसला तर हातानं जेमतेम एक पौंड रुई निघायची. म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही.

आता ही अडचण ध्यानात ठेवा आणि स्वातंत्र्यानंतरच्या अमेरिकेकडे बघा. १७९० च्या सुमारास तिथे सुमारे सात लाख गुलाम होते. व्हर्जिनियातली तंबाखूची जमीन थकली होती, उत्तरेतली राज्यं एकेक करून गुलामी मोडत होती. ही प्रथा आपोआप विझेल असं अनेक शहाण्या माणसांना वाटत होतं. राज्यघटनेत तर 'गुलाम' हा शब्दच घातला नाही. लाज वाटली असावी. लोकसंख्या मोजताना मात्र पाच गुलामांचे तीन धरा, असा हिशेब घातला! नाव घ्यायची लाज, मोजायची नाही.

१७९३ मध्ये एली व्हिटनी नावाचा मॅसॅच्युसेट्सचा एक पदवीधर तरुण जॉर्जियातल्या एका मळ्यावर पाहुणा होता. त्यानं एक लाकडी रूळ घेतला, त्यावर तारेचे दात बसवले, दात जाळीच्या फटींतून रुई ओढून घेतील आणि सरकी मागे राहील अशी रचना केली. एका माणसाच्या हाती दिवसाला पन्नास पौंड रुई. बिचाऱ्याला पेटंटातून फारसं काही मिळालं नाही, कारण यंत्र इतकं सोपं होतं की गावोगावच्या लोहारांनी नकला केल्या.

माझ्या मते हे अमेरिकेच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं वळण, आणि ते उलटं वळण आहे. यंत्र आलं की माणसाचे कष्ट वाचतात असं आपण धरून चालतो. इथे सरकी काढायचे कष्ट वाचले म्हणून पेरा वाढला, आणि पेरणी, निंदणी, वेचणी हातानंच करायची होती. वेचणीला मजूर मिळत नाही म्हणजे काय, ते इथे सांगायला नको. त्यांनी मजूर मिळवला नाही, विकत घेतला. सुमारे दहा लाख माणसं व्हर्जिनिया, मेरीलँडकडून खाली अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे नेली गेली, बरीचशी बाजारात विकून, काही साखळीनं बांधून पायी. १८६० पर्यंत कापूस चाळीस लाख गाठींच्या घरात गेला, देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा झाला. आणि गुलामांची संख्या? साडेएकोणचाळीस लाख. विझणार होती ती प्रथा ही.

पुढची सत्तर वर्षं मी उडी मारून जातो. गुलामी ठेवणारी दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली आणि १८६१ मध्ये उत्तरेशी युद्ध पेटलं, त्याची कारणं या आकड्यांत आहेत.

१८६२ ची मे महिन्यातली एक रात्र. साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन बंदर. 'प्लँटर' नावाची बंडखोर सैन्याची आगबोट धक्क्याला लागलेली. तिचे तिन्ही गोरे अधिकारी झोपायला गावात गेले. सुकाणू धरणारा होता रॉबर्ट स्मॉल्स, तेवीस वर्षांचा गुलाम. त्यानं कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, पहाटे तीनच्या सुमारास बोट सोडली, दुसऱ्या धक्क्यावर थांबून बायकामुलांना घेतलं. वाटेत बंदरातले किल्ले. फोर्ट सम्टरसमोर त्यानं कप्तानासारखाच उभा राहून ठरलेली शिटी दिली, पहाऱ्यावाल्यांनी जाऊ दिलं. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर बंडखोरांचं निशाण उतरवून पांढरी चादर चढवली आणि तोफांसकट बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. सोळा माणसं त्या रात्री सुटली.

हा स्मॉल्स लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

त्याच उन्हाळ्यात, २२ जुलैला, लिंकननं मंत्रिमंडळाला गुलाममुक्तीच्या घोषणेचा मसुदा वाचून दाखवला. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाला, आत्ता नको, आपण हरत असताना काढली तर ती बुडत्याची किंकाळी वाटेल. एखादी लढाई जिंकू द्या. कागद खणात गेला. मग १३ सप्टेंबरला मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावाजवळ, शत्रूनं तळ उठवलेल्या शेतात, इंडियानाच्या एका शिपायाला गवतात तीन सिगार सापडले. कागदात गुंडाळलेले. तो कागद म्हणजे दक्षिणेचा सेनापती जनरल ली याचा हुकूम, त्यात त्याच्या सैन्याच्या तुकड्या कुठे कुठे जाणार ते लिहिलेलं. उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन भयंकर सावध माणूस, हा हुकूम हातात येऊनसुद्धा त्यानं वेळ घालवलाच. तरी १७ सप्टेंबरला अँटिटमच्या ओढ्याकाठी गाठ पडली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तेवीस हजार मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ली मागे हटला. विजय म्हणावा इतपत हे पुरे होतं. पाचव्या दिवशी लिंकननं घोषणा काढली आणि १ जानेवारी १८६३ ला ती लागू झाली.

आता वकील मंडळी म्हणतील, त्या घोषणेनं केंटकी, मिसुरीसारख्या लिंकनच्या बाजूच्या राज्यांतला एकही गुलाम सुटला नाही. बरोबर आहे. पण तिच्यात सैन्यभरतीचं एक वाक्य होतं. त्या वाक्यानं सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत उभे केले. आणि लढाई गुलामीविरुद्ध आहे असं एकदा उघड झाल्यावर इंग्लंडला दक्षिणेची बाजू घेणं अवघड झालं.

इंग्लंडचा संबंध काय? पुन्हा कापूस. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकी रुईवर चालायच्या, ती नाकेबंदीत अडकली, आणि व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. रुईचे भाव इतके चढले की मुंबईत पैसा कुठे ठेवावा कळेना. बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, बॅकबेच्या शेअरवर सट्टा लागला. प्रेमचंद रायचंद या बाजाराचा राजा. ९ एप्रिल १८६५ ला लीनं शरणागती पत्करली, बातमी मुंबईला पोहोचली आणि भाव कोसळले. १ जुलै हा वायद्यांच्या चुकतीचा दिवस, त्या दिवशी कितीतरी पेढ्यांचं दिवाळं वाजलं. प्रेमचंदही बुडाले. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर तेवढा उभा आहे. आणि आपल्या वऱ्हाडाचं नशीब बघा, नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ साली. भाव ओसरल्यावर गाडी!

दुसरा धागा मला अधिक मोलाचा वाटतो. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेनं. अर्पणपत्रिकेचा हा मुहूर्त नीट बघा. गुलामी घटनेनंच बंद झाली होती, काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता, मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटमध्ये बसून आला होता. पुण्यातून दिसणारं चित्र खोटं नव्हतं.

पण त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कचेरी धरून बसलेल्या काळ्या लोकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं हल्ला केला. कित्येक जणांना शरण आल्यावर मारलं. जे थोडे दोषी ठरले त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादात अडकला, शेवटी राज्यांच्या निवडक प्रतिनिधींची हेझना १८५ आणि टिल्डनना १८४ मतं धरली गेली. एका मताचा फरक. दोन्ही पक्षांत झालेल्या या निकालाच्या तडजोडीच्या पाठोपाठ एप्रिल १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं सैन्य मागे घेतलं गेलं. तोफ नाही, घोषणा नाही, शाळेच्या पुस्तकात धड परिच्छेदही नाही. चार वर्षांत वळण उलटं फिरलं होतं.

आता रॉबर्ट स्मॉल्स. मघापासून मी त्यांना 'अरे-तुरे' करतोय, ते आता चालणार नाही, कारण १८७४ मध्ये ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले, पुढेही अनेकदा. युद्धाच्या काळातच त्यांनी ब्यूफोर्टमधलं एक घर कराच्या लिलावात घेतलं होतं. ते त्यांच्या जुन्या मालकाचं. त्याच घराच्या मागच्या खोपटात त्यांचा जन्म झाला होता.

१८९५ मध्ये साउथ कॅरोलायनानं नवी राज्यघटना लिहायला परिषद बोलावली. हेतू उघड होता. वाचता येतं का ते बघू, घटनेचं कलम समजावून सांग, कर भरल्याची पावती दाखव, असं करून काळ्या मतदाराला यादीबाहेर काढायचं. काळे सभासद उरले होते सहा, त्यांत स्मॉल्स. ते उभे राहून बोलले. माझ्या लोकांना खास संरक्षण नको, बरोबरीची संधी द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. घटना मंजूर झाली. बंदरातून तोफांसकट बोट काढून आणलेल्या, देशाच्या कायदेमंडळात बसलेल्या माणसाच्या लोकांना राज्यानं पुन्हा 'अरे-तुरे'वर आणलं. ते गेले १९१५ मध्ये, ब्यूफोर्टच्या त्याच घरात. मताचा हक्क खरोखर बजावता येईल असा कायदा व्हायला अजून पन्नास वर्षं होती.

बोंड मागच्या रांगेपर्यंत गेलंय वाटतं. सरकी कोणी सोडवली असेल तर ती मला परत द्या, बाकी प्रश्न विचारा.