पैसं नकोत, पण उभं करू नका

(7 नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिवसानिमित्त सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पालक आणि शिक्षकांसमोर एका शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे संपादित रूप.)

नमस्कार. पाचवी ते आठवीच्या मुलांबद्दल बोला, असं मला सांगितलंय. नोकरीतली बहुतेक वर्षं मी याच वर्गांवर काढली. आज मी एका मुलीपासून सुरुवात करणार आहे. तिचं नाव सांगणार नाही, गावही नाही.

ती सहावीत होती. तेव्हा माझ्याकडे शिष्यवृत्तीचं काम होतं. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती तुम्हाला माहीत आहे. पाचवी ते सातवीच्या मागासवर्गीय मुलींना तेव्हा महिन्याला 60 रुपये मिळायचे, दहा महिन्यांचे 600. फॉर्म भरायचे, दाखले गोळा करायचे, तारीख गाठायची. मी वर्गाच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "शिष्यवृत्तीच्या मुलींनी उभं राहा." पाच जणी उभ्या राहिल्या. मी नावं लिहून घेतली आणि पुढच्या वर्गात गेले. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

या मुलीचा फॉर्म काही आला नाही. दोनदा आठवण केली, तेव्हा ती मान खाली घालून उभी राहिली. मला वाटलं, जातीचा दाखला अडला असेल. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आईनं चहा ठेवला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ती माउली म्हणाली, "बाई, दाखला काढलाय. पण पोरगी म्हणती, पैसं नकोत, पण उभं करू नका."

त्या दिवशी मी पुढच्या वर्गात गेल्यावर मागे काय झालं होतं ते मला त्या घरात कळलं. शेजारच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली होती, "म्हणजे तू त्यांच्यातली?" आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तिनं डबा दुसरीकडे नेला होता. एवढंच. भांडण नाही, शिवी नाही, तक्रार नाही. शाळेच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये या गोष्टीची नोंद होत नाही. आणि ते मी केलं होतं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं हे खरं, पण त्या मुलीला माझ्या मनाचा उपयोग काय?

आज 7 नोव्हेंबर. 1900 साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. इंग्रजी पहिलीत. म्हणजे आजच्या हिशेबानं पाचवीत. नऊ वर्षांचं पोर. म्हणून 2017 पासून महाराष्ट्रात हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. आपण फोटोला हार घालतो, एखादा विद्यार्थी भाषण करतो. पण त्या मुलाचा शाळेतला दिवस कसा जायचा, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते आज नीट ऐकू या.

वर्गात बसायची त्यांची जागा कोपऱ्यात, इतरांपासून वेगळी. बसायला गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नाही. आधी मास्तरांची परवानगी, मग शिपायानं नळ सोडायचा, तेव्हा पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही.

यात मास्तर कुठे ओरडताना दिसत नाहीत. कुणी छडी मारताना दिसत नाही. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते. ते आपल्या डब्यातली भाकरी-भाजी या मुलाला द्यायचे आणि बाबासाहेबांनी त्यांची आठवण आयुष्यभर प्रेमानं काढली. म्हणजे माणूस चांगला भेटला होता. पण नळ तसाच राहिला. मुलाला रोज कळत होतं ते नळावरून आणि गोणपाटावरून.

मला आज एवढंच सांगायचं आहे. मुलांचा मान शाळेच्या रोजच्या मांडणीत असतो. हजेरी कशी घेतली जाते, कोण कुठे बसतं, पाणी कुणाच्या हातून मिळतं, वही कशी परत दिली जाते, यात असतो. आपण मुलांच्या मनाच्या आरोग्यावर वर्षातून एक व्याख्यान ठेवतो, पाहुणे बोलावतो, समुपदेशक आणतो. जरूर आणावेत. पण उरलेले दोनशेहून जास्त दिवस मुलं हे सगळं आपल्या मांडणीवरूनच शिकत असतात.

आता ही पाचवी ते आठवीच का? बऱ्याच वस्त्यांवर शाळा चौथीपर्यंतच असते. चौथीपर्यंत एका बाईंच्या हाताखाली वाढलेलं मूल पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत येतं. एसटीनं येतं. तिथे प्रत्येक तासाला वेगळे शिक्षक. त्याचं घरचं नाव कुणाला माहीत नसतं. त्यात शरीर बदलायला लागतं. सहावी-सातवीतल्या मुलाचा आवाज फुटतो आणि धडा वाचता वाचता मध्येच चिरकतो. वर्ग हसतो. आणि आपण म्हणतो, "नीट वाच." त्या वयाच्या पोरानं आवाज नीट कुठून आणायचा? यानंतर ते पोर वाचायला हात वर करत नाही आणि आपण वर्णनात्मक नोंदीत लिहितो, "वाचनात रस घेत नाही."

टोपणनावांचं बोलायलाच हवं. काळ्या, जाड्या, बुटक्या, बोबड्या, ढापण्या. घरोघरी लाडानं म्हणतात, हे मला मान्य आहे. पण लाडाचं नाव कुणी म्हणायचं, हे ज्याचं नाव आहे त्यानं ठरवायचं असतं. एका वर्षी मी पाचवीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला कागदाचा चिटोरा दिला आणि विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडते आणि काय म्हणून आवडत नाही? चिटोरे फक्त मी वाचले. जो मुलगा 'जाड्या' म्हटल्यावर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायचा, त्यानं नावडत्या नावाच्या जागी तेच नाव तीनदा लिहिलं होतं. ते नाव वापरणाऱ्यांत आमच्या शिक्षकखोलीतलेही लोक होते. आधी आम्ही आमच्या तोंडाला वळण लावलं. मुलांचं तोंड त्यानंतर दोन-तीन महिन्यांत सुधारलं. पूर्ण नाही, पण सुधारलं.

चिडवणाऱ्याचं काय करायचं? आपली जुनी पद्धत अशी की दोघांना वर्गासमोर उभं करायचं, "सॉरी म्हण" सांगायचं आणि हात मिळवायला लावायचे. मी हे वर्षानुवर्षं केलं. आता करत नाही. ज्याला चिडवलं, त्याची चिडवणूक आपण पुन्हा चाळीस जणांसमोर मोठ्यानं सांगतो. आणि ज्यानं चिडवलं, त्याचा अपमान होतो, तो शाळा सुटल्यावर रस्त्यात वसूल होतो. दोघांशी वेगवेगळं बोलावं. आधी ज्याला लागलंय त्याच्याशी, आणि त्याला विचारावं, मी काय करू? कधी मुलं म्हणतात, "काही नको बाई, फक्त माझी जागा बदला." आधी तेवढं करावं. आणि तिसऱ्याकडे बघावं. हसणारा तिसरा. चिडवणारा एकच असतो, पण त्याला बळ मिळतं ते हसणाऱ्यांकडून. माझ्या अनुभवात हसणाऱ्यांपैकी एकाशी जरी शांतपणे बोललं, तरी खेळ मोडतो. कारण त्यातल्या निम्म्यांना हसायचं नसतं, पुढचा नंबर आपला लागेल म्हणून ती हसतात.

मुलींचं एक सांगते. पुरुष शिक्षकांनीही ऐकावं, खाली बघू नये. बऱ्याच मुलींना सहावी-सातवीत पाळी येते आणि कितीतरी जणींना पहिल्यांदा शाळेतच येते. शाळेत पॅड असतात. पण ते कपाटात आणि कपाटाची किल्ली कार्यालयात. म्हणजे डाग पडलेल्या बारा वर्षांच्या मुलीनं कार्यालयात जाऊन चार माणसांसमोर किल्ली मागायची. ती मागत नाही, पोट दुखतं सांगून घरी जाते. आम्ही पॅडचा डबा मुलींच्या स्वच्छतागृहात ठेवला, बिनकुलुपाचा. "संपतील, घरी नेतील," असं सगळे म्हणाले. नेले असतील एखादीनं बहिणीसाठी. त्याचं मला काही वाटत नाही.

पालकांसाठीही एक सांगणं आहे. चाचणीचे गुण पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, असा आग्रह होतो. काही शाळा टाकतातही. त्या यादीत शेवटून दुसरं नाव ज्याचं आहे, त्याच्या घरी त्या रात्री काय होतं? आणि सकाळी एसटीत? गुण ज्याचे त्याला द्यावेत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला मनाई करतं, हे सगळ्यांना माहीत झालंय. पण त्याच वाक्यात मानसिक छळालाही तितकीच मनाई आहे. छडी ठेवली आणि जीभ उचलली, तर कायदा पाळला असं होत नाही. दुसरी गोष्ट. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव जाईल, गावात मिटवू, असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, मुख्याध्यापकांनाही नाही आणि सरपंचांनाही नाही. मुलांना 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ असू द्या.

आणि तक्रारपेटी. ती बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी असते. चिठ्ठी टाकताना कोण दिसलं ते सगळ्यांना कळतं. आमची पेटी वर्षभर रिकामी होती आणि आम्ही अहवालात लिहायचो, "तक्रार नाही." मग ती उचलून जिन्याच्या वळणावर लावली. पहिल्याच आठवड्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. एकीत लिहिलं होतं, "आमाला पंगतीत कडेलाच बसवतात." खाली नाव नव्हतं. अक्षर ओळखता आलं असतं, पण ते ओळखायचा प्रयत्न मी केला नाही. दुसऱ्या दिवसापासून खिचडीच्या पंगतीला हजेरी क्रमांकानं बसवायला सुरुवात केली आणि दर सोमवारी क्रमांक फिरवायचा ठरलं. काही पालक भेटायला आले. त्यांना मी पंगतीतच बसवून बोलले.

ती शिष्यवृत्तीची मुलगी पुढे सातवीत गेली. त्या वर्षी फॉर्म पाकिटात घालून मी सगळ्याच मुलींना एकेक पाकीट दिलं. कुणाच्या पाकिटात फॉर्म, कुणाच्या पाकिटात सहलीची सूचना. तिचा फॉर्म दुसऱ्या दिवशी आला. तिची मैत्रीण मात्र परत तिच्याजवळ डबा खायला बसली नाही. ते मला दुरुस्त करता आलं नाही.

आपल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. माझी त्यांना विनंती आहे. पुढची सभा शाळा सुटल्यावर कार्यालयात घेऊ नका. मधल्या सुट्टीत घ्या. आधी दहा मिनिटं नळाजवळ उभं राहा, कोण कुणाला पुढे जाऊ देतं ते बघा. मग पंगतीत बसून खिचडी खा आणि बोलायला त्यानंतर सुरुवात करा.