सोळा पायऱ्यांचा घाट

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. बंदराजवळ, रहदारीच्या रस्त्याला खेटून काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. हा आप्रवासी घाट. या बेटावर पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण मॉरिशस समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी.

बेटावर आधी डच आले. ते सोडून गेले, मग फ्रेंच आले, आणि १८१० मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकून घेतलं. धनी बदलत गेले, उसाच्या मळ्यातला घाम मात्र कायम दुसऱ्याचाच राहिला. आधी तो आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांचा होता. १ फेब्रुवारी १८३५ रोजी इथली गुलामगिरी कायद्याने संपली. पण मळेवाल्यांनी त्याआधीच दुसरी सोय पाहून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि शिधा. पुढे तर एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करारावर अंगठा उठवणाऱ्यांपैकी कितीजणांना तो वाचता येत होता?

१८४९ पासून मजुरांना उतरवून घेण्याचं काम या जागेवर चालू झालं. हा दरवानाचा कट्टा. या दवाखान्याच्या खोल्या. ही संडासांची रांग. दगडी चौथऱ्यांवरून तिचा आकार अजून कळतो. माणसं इथे दोनेक दिवस थांबायची, मग मळ्याचा माणूस येऊन त्यांना घेऊन जायचा. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख लोक असे या बेटावर आले. त्यांतले काही पुढे दुसऱ्या वसाहतींत गेले, काही मायदेशी परतले, बहुतेक इथलेच झाले.

मूळ इमारतींचा फार थोडा भाग आज उभा आहे. बाकीचा विसाव्या शतकात रस्ते आणि बांधकामांखाली गेला. गव्हर्नरांचे वाडे जपले गेले आणि मजुरांचा घाट मोडला गेला, याची चीड येते. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोवर बरंच हातचं गेलं होतं.

गुलामांची आठवण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा कडा. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कपारींत लपून राहत. २००८ मध्ये तोही जागतिक वारशाच्या यादीत आला. आणि पोर्ट लुईतल्या फ्रेंच काळातल्या लष्करी इस्पितळात आता गुलामगिरीचं संग्रहालय आहे. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, दोन्ही दिवस देशात सार्वजनिक सुट्टीचे आहेत. ही समज फार थोड्या देशांनी दाखवली आहे.

बहुतेक जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटत, पण मुंबई बंदरातूनही सुटत. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं होती. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आज इथे आहे. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, मूर्ती नदीत नाहीतर समुद्रात विसर्जित होतात, आणि कोकणातल्या जाखडीचा फेर इथे झाकरी म्हणून धरला जातो.

मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज आणि सरकारने दिलेला क्रमांक. १८६० च्या दशकापासून काहींची छायाचित्रंही आहेत: खांदे आखडलेले, नजर थेट कॅमेऱ्यात. सरकारने ती काढली मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून. आज याच वह्यांत मॉरिशसची माणसं पणजोबाचं गाव शोधतात, आणि कागद हाती आला की ते गाव पाहायला भारतात येतात.