न्याहारी देणारी घरे

(ठाण्यात नौपाड्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' ही पाटी आपण सर्वांनी मुरूड-हर्णैच्या किंवा गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर पाहिलेली आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी त्या पाटीमागच्या घराच्या पडवीत बसून सकाळचा चहाही घेतलेला आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या योजनेत या सोयीला 'निवास व न्याहारी' म्हणतात. आता सर्वत्र रुळलेल्या 'होमस्टे' या शब्दापेक्षा मला हे नाव अधिक नेमके वाटते, कारण पाहुणा आणि यजमान यांच्यातला व्यवहार त्यात पुरता सांगितलेला आहे. रात्रीचे अंथरूण आणि सकाळचे खाणे या दोन्ही गोष्टी एकाच घरातून मिळाव्यात, एवढेच त्यात अपेक्षित आहे. सेवानिवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी दक्षिणेत जेथे जेथे गेलो, तेथे शक्य असेल तर अशाच घरांत राहिलो. त्यांपैकी कर्नाटकातील कोडगू (म्हणजे कूर्ग), केरळातील फोर्ट कोची आणि तमिळनाडूतील चेट्टिनाड या तीन ठिकाणच्या घरांविषयी मी आज बोलणार आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करायला हवा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत घरमालकाने कुटुंबासह त्याच वास्तूत राहणे ही मूळ अट आहे आणि भाड्याने देण्याच्या खोल्या जास्तीत जास्त सहा असाव्यात, अशी मर्यादा आहे. तेथे घरांचे सुवर्ण व रौप्य असे दोन वर्ग आहेत, तर केरळ सरकारच्या वर्गवारीत त्यांच्यावर हिरा हा आणखी एक वर्ग येतो. आपण मात्र चित्रे पाहून खोली ठरवतो आणि ही मूळ अट विसरतो. आमचीही एकदा तशीच फसगत झाली. कोडगूतील मडिकेरीजवळच्या एका ठिकाणी रात्री पोचलो, तेव्हा मालक बंगळूरला राहतात असे समजले. घर सांभाळणारा एक तरुण होता. तो बिचारा मनापासून धडपडत होता, परंतु सकाळी त्याने दुकानातून आणलेला पाव आणि जॅम आमच्यापुढे ठेवला. खोली स्वच्छ होती, खिडकीतून डोंगर दिसत होता, तरीही आपण कोणाच्या घरी उतरलो होतो, या प्रश्नाला उत्तर नव्हते. तेव्हापासून खोली ठरवण्याआधी मी दूरध्वनी करून दोनच गोष्टी विचारतो: आपण स्वतः त्या घरात राहता का, आणि न्याहारी कोण करते? दुसऱ्या प्रश्नाला 'आई करते' किंवा 'मीच करते' असे उत्तर आले की मी पुढचे काही विचारत नाही.

न्याहारीवर माझा एवढा भर का आहे, ते प्रवासाच्या वाटेनेच सांगतो. मत्स्यगंधा एक्स्प्रेस दुपारी ठाण्याला पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मंगळूरला उतरतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि हा किनारा आपल्याला एका रात्रीच्या अंतरावर आला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्याला आपण घावन म्हणतो, त्याचाच तलम भाऊबंद मंगळूरला नीर दोसा म्हणून ताटात येतो. दोन्हींत भिजवलेला तांदूळ पातळ वाटलेला असतो आणि पीठ आंबवलेले नसते. आणखी खाली केरळात गेले की पीठ आंबू लागते, त्यात नारळाचे दूध येते, आणि कडेला जाळीदार व मध्ये फुगीर असे अप्पम तयार होते. मालवणात नारळाच्या गोड रसाबरोबर खाल्ले जाणारे शिरवाळे कोडगूत नूपुट्टू होतात आणि केरळात व तमिळनाडूत इडियप्पम. आपले आप्पे चेट्टिनाडात पणियारम या नावाने भेटतात. हॉटेलच्या न्याहारीत मात्र कोचीपासून मदुराईपर्यंत तीच इडली, तोच वडा आणि तोच उपमा एका ओळीत मांडलेला असतो. तांदळाचा हा सगळा प्रवास तिथे दिसत नाही, तो घरच्या स्वयंपाकघरातच दिसतो.

कोडगूविषयी मला सर्वांत अधिक सांगायचे आहे. मंगळूरहून मडिकेरी सुमारे १४० किलोमीटर आहे आणि संपाजेचा घाट चढू लागले की हवा बदलते. तेथील निवास-न्याहारीची घरे बहुधा कॉफीच्या मळ्यांत आहेत. २००० सालानंतरच्या काही वर्षांत कॉफीचे जागतिक भाव कोसळले, तेव्हा अनेक मळेवाल्यांनी मोठ्या घरांतल्या, मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी शहरात गेल्यामुळे रिकाम्या पडलेल्या खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. म्हणून तेथे आपण पर्यटनाच्या धंद्यात उतरत नसतो, एका शेतकऱ्याच्या घरी उतरत असतो, आणि त्याच्या दिवसाची लय आपल्याला पाळावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिली सर येते, तिला मळेवाले 'ब्लॉसम'चा पाऊस म्हणतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि मोगऱ्याच्या जवळचा एक सुगंध घरात शिरतो. पुढे फळ धरण्यासाठी दुसरी सर यावी लागते. ती लांबली की यजमानांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते आणि न्याहारीच्या वेळी बोलणे कमी होते. आम्ही एका वर्षी अशाच आठवड्यात तेथे होतो. चौथ्या दिवशी पहाटे पाऊस आला तेव्हा घरातले सगळे व्हरांड्यात येऊन उभे राहिले आणि आम्हीही त्यांच्यात जाऊन उभे राहिलो. त्या पावसावर त्यांचे वर्षभराचे उत्पन्न अवलंबून होते, हे त्यापूर्वी आम्हाला पुस्तकात वाचूनही समजले नव्हते.

कोडव या तेथील स्थानिक समाजाच्या घरातली न्याहारी म्हणजे अक्की ओट्टी, म्हणजे शिजवलेला भात व तांदळाचे पीठ एकत्र मळून केलेली मऊ भाकरी, किंवा तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, ज्यांना कडंबुट्टू म्हणतात. त्यांच्या अभिमानाचा पदार्थ म्हणजे पंदी करी, अर्थात डुकराच्या मांसाचा काळसर रस्सा, आणि त्याला आंबटपणा येतो तो कचंपुळीने. कचंपुळी ज्या फळाच्या रसापासून आटवून करतात, ते आपल्या कोकमाच्याच कुळातले आहे, त्यामुळे तिचा वास आला की आमसुलाच्या बरणीची आठवण होते. आपल्यापैकी जे शाकाहारी आहेत त्यांनी ते खोली ठरवतानाच सांगावे, ताट समोर आल्यावर सांगू नये, आणि सांगताना नाक मुरडू नये. आधी कळवले तर पावसाळ्यात कोवळ्या बांबूच्या कोंबांची किंवा अळंब्यांची अशी भाजी मिळते, जी कोणत्याही हॉटेलात मागून मिळणार नाही. पावसाळ्याविषयी मात्र एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत आणि ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. घर कोणत्या उतारावर आहे आणि शेजारच्या ओढ्याची वाट मोकळी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. ज्या यजमानाने स्वतःहून 'या महिन्यात येऊ नका' असे सांगितले, त्याच्याकडे आम्ही पुढच्या वर्षी आवर्जून गेलो.

फोर्ट कोचीत घरे लहान आहेत. यजमान बहुधा खाली राहतात आणि वरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात. तेथे समुद्राकाठची चिनी जाळी पाहून सकाळी परतावे आणि अप्पम आणि नारळाच्या दुधातला स्टू खावा. याहून अधिक आज मी सांगत नाही, कारण त्या गावाविषयी आपण पुष्कळ वाचलेले आहे.

चेट्टिनाडची गोष्ट वेगळी आहे आणि तेथे माझा आधीचा नियम थोडा सैल करावा लागतो. मदुराईहून सुमारे ९० किलोमीटरवरच्या कारैकुडीभोवती नगरत्तार व्यापाऱ्यांची जी विशाल घरे आहेत, ती ब्रह्मदेश, सिलोन आणि मलाया येथे सावकारीत मिळवलेल्या पैशांतून उभी राहिली. ब्रह्मदेशातून सागवानी खांब आले, आणि भिंतींना चुन्याबरोबर अंड्याचा पांढरा भाग घोटून असा गिलावा दिला गेला की आजही हात फिरवला तर संगमरवराचा भास होतो. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि पुढे तेथील मालमत्ता गेल्यावर ही घरे पोसणे वारसांना अवघड झाले. एका वास्तूचे मालक कधी कधी कित्येक भाऊबंद असतात, ते चेन्नईला किंवा परदेशी असतात आणि लग्नकार्यालाच एकत्र येतात. म्हणून काही घरांत मालक भेटत नाहीत, पण स्वयंपाकघर गावातल्याच बाईंच्या हाती असेल तर तेथे जरूर राहावे. आमच्या ताटात पहिल्या सकाळी पांढरे पणियारम आणि काळ्या तांदळाची, ओले खोबरे घातलेली कवुनी अरिसी आली. बसायला जमिनीवर अत्तंगुडीच्या फरशा होत्या. या फरशा भाजत नाहीत. काचेच्या तावावर साच्यात रंगीत सिमेंट ओतून त्या करतात, त्यामुळे काचेची झिलई फरशीवर उतरते आणि माणसांच्या पावलांनी ती वाढत जाते. माणसे वावरली नाहीत तर ती मंदावते, असे त्या बाईंनी आम्हाला सांगितले.

आता पाहुण्यांनी काय करावे, याविषयी थोडे. तांदूळ आदल्या संध्याकाळी भिजतो आणि रात्री वाटला जातो, म्हणून सकाळी किती जण आणि किती वाजता खाणार हे रात्रीच सांगावे. पहाटे निघायचे असेल तर तेही सांगावे. रात्री अकराला दार ठोठावू नये. आपण दहा-बारा जण मिळून जातो तेव्हा चारच्या वर माणसे एका घरात उतरवू नयेत, कारण घरातली एकच बाई किती जणांना गरम दोसा वाढणार, याला मर्यादा असते. आणि भाव करायचा तो खोली ठरवताना करावा, न्याहारी झाल्यावर करू नये.

कोडगूतल्या त्या मळ्यावर आमच्या तिसऱ्या मुक्कामाला माझ्या पत्नीने नौपाड्याहून थालीपिठाची भाजणी नेली होती. यजमानांच्या वृद्ध आईंनी चूल मोकळी करून दिली, तिने थालीपिठे लावली आणि त्या दिवशी न्याहारी आमच्याकडून झाली. आजींनी भाजणीची चिमूट तळहातावर घेऊन धणे ओळखले, जिरे ओळखले, आणि भाजलेली ज्वारी मात्र विचारून घेतली. आता दर वर्षी आम्ही निघण्यापूर्वी तिकडून फोन येतो, आणि भाजणीची पिशवी उतरवली की परतीच्या वाटेवर त्याच पिशवीत त्यांच्या मळ्यातली मिरी भरलेली असते.