हवेत ड्रोनला धरून कोण ठेवतं?

(दृश्य : गंगापूर धरणाचं बॅकवॉटर. पहाट.)

रिमोटच्या दोन्ही स्टिक सोडून दिल्यात, तरी ड्रोन हवेत ठोकल्यासारखा उभा आहे. नव्या मुलांना इथेच वाटतं, की आपल्याला उडवता यायला लागलं.

पण आत्ता त्याला धरून ठेवलंय उपग्रहांनी. जागा कळायला किमान चार उपग्रह लागतात, आणि जितके जास्त सापडतील तितकं बरं. वाऱ्याने ड्रोन जरा सरकला की तो स्वतःच मागे येतो. उंची मुख्यतः हवेच्या दाबावरून राखली जाते.

(दृश्य : दिंडोरी तालुका. द्राक्षबाग.)

इथे मात्र जपायला हवं. लोखंडी अँगल, तारांचा मांडव, शेजारी ट्रॅक्टर. अशा ठिकाणी जमिनीवर ठेवलेल्या ड्रोनचा कंपास चुकतो. मग त्याला आपण कुठे आहोत ते कळतं, पण तोंड कुठे आहे ते चुकीचं कळतं. सावरायला जातो आणि भलतीकडेच ढकलला जातो. गोल गोल फिरायला लागतो, फेरा वाढत जातो. म्हणून उड्डाण बागेबाहेरून, मोकळ्या मातीवरून करा.

जीपीएस किंवा कंपासचा भरवसा उरला नाही, की बरेच ड्रोन अ‍ॅटी मोडमध्ये जातात. तेव्हा ड्रोन सपाट राहतो, उंचीही सांभाळतो, पण जागा सांभाळत नाही. वारा नेईल तिकडे जातो. स्टिक सोडली तरी थांबत नाही, उलट दिशेने स्टिक देऊन थांबवावा लागतो. माझ्या मते शिकवताना हे सगळ्यात आधी यायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

पाण्यावर खाली उतरलात तर पोटाखालचा कॅमेरा लाटांना जमीन समजून फसतो. स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे वेगाने उडवायच्या मोडमध्ये, बहुतेक ड्रोनचे अडथळे ओळखणारे सेन्सर बंद असतात, आणि थांबायला जागाही जास्त लागते.

(दृश्य : अंजनेरीचा पायथा.)

रिटर्न टू होम, म्हणजे ड्रोनने स्वतःहून परत येण्याची सोय. तिची उंची मोजली जाते ती उड्डाणाच्या जागेपासून. पायथ्याशी तीस मीटर लावून ड्रोन डोंगरापलीकडे नेलात, तर परतताना मध्ये कडा उभा असतो. आधी सर्वांत उंच अडथळा बघा, मग उंची लावा. होम पॉइंट, म्हणजे परतायची जागा, नोंदला गेला का, तेही पडद्यावर पाहा.

आणि हे नाशिक आहे. ओझरचा विमानतळ, देवळालीचा लष्करी परिसर, नाशिकरोडची नोट प्रेस. कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाचा नकाशा पाहिल्याशिवाय बॅग उघडूच नका. ग्रीन झोनमध्येही, म्हणजे जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही तिथेही, मर्यादा ४०० फुटांचीच आहे.

(दृश्य : मोकळं माळरान. वारा मंद.)

ज्या ड्रोनला ती सोय आहे, त्यावर अ‍ॅटी मोड मुद्दाम लावून बघा, आजूबाजूला कोणी नसताना. तो सरकू लागेल. अंगठा हलकेच उलट दिशेला न्या. थांबला? आता पुन्हा सोडा.